बारा काळ पाठ आहेत, तरी 'हॅव' आणि 'हॅड' का चुकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमात झालं, इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता अजून पाठ आहे, रिकाम्या जागा दिल्या तर बिनचूक भरता येतात, पण मुलाखतीत तोंड उघडलं की कुठला काळ लावायचा ते सुचत नाही. सोबत स्वतःची ओळख करून देणारी तीन वाक्यं तुम्ही पाठवली आहेत. ती आधी इथे मांडते.

"आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन २०१९."
"आय ॲम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स थ्री इयर्स."
"आय हॅड सेंट यू माय रेझ्युमे येस्टरडे."

तिन्ही वाक्यांत काळ चुकला आहे. आता हीच वाक्यं मराठीत म्हणून बघा. "मी २०१९ मध्ये बी.कॉम. पूर्ण केलं आहे." "मी तीन वर्षांपासून या कंपनीत काम करतोय." "मी काल तुम्हाला रेझ्युमे पाठवला होता." कुठे काही खटकतं? अजिबात नाही. गेली बावीस वर्षं मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून पहिल्या आठवड्यात मी याच तीन चुका ऐकते. या चुका अज्ञानातून होत नाहीत. तुमचं मराठीचं व्याकरण पक्कं आहे आणि तेच तुम्ही इंग्रजी शब्दांवर चालवता, म्हणून होतात.

याचं मूळ त्या तक्त्यात आहे. डाव्या बाजूला मराठी काळ, उजव्या बाजूला इंग्रजी, आणि दोन्हीकडे बारा-बारा घरं. त्यातून मनात तीन समीकरणं बसतात: 'आहे' म्हणजे 'हॅव', 'होतो' म्हणजे 'हॅड', 'तोय' म्हणजे 'आयएनजी'. ही तिन्ही अर्धवट खरी आहेत. बाराही घरांची काळजी करू नका. भविष्यातल्या 'विल हॅव बीन' वगैरे घरांची गरज रोजच्या बोलण्यात क्वचितच पडते. ही तीन समीकरणं सुटी केलीत की तुमच्या बहुतेक चुका जातील.

'होतो'पासून सुरुवात करते, कारण आपल्याकडची सगळ्यात हट्टी चूक तीच.

शेजारी विचारतात, "सकाळी दिसला नाहीत?" तुम्ही म्हणता, "बँकेत गेलो होतो." इथे 'होतो' कशासाठी आला? गेलो, काम केलं, परत आलो, विषय संपला, एवढं सगळं त्या एका 'होतो'त आहे. नुसतं "बँकेत गेलो" म्हणालात तर समोरचा थांबतो, "बरं, मग?" म्हणतो, कारण गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटते. आणि "बाबा बँकेत गेलेत" म्हटलं तर बाबा अजून तिथेच आहेत. गेलो, गेलोय, गेलो होतो या तीन रूपांतून मराठी किती बारीक काम करून घेते बघा.

इंग्रजीत 'जाऊन आलो, विषय संपला' हे काम साधा 'वेंट' करतो. "आय वेंट टू द बँक." बस. 'हॅड'चं काम अगदी वेगळं आहे. त्याला भूतकाळातल्या दोन घटना लागतात, आणि त्यातली आधीची घटना दाखवायला तो येतो. "आम्ही स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती": "व्हेन वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट." इथे 'हॅड' काढून "व्हेन वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट" म्हणालात तर अर्थ बदलतो: आम्ही पोहोचलो आणि त्याच वेळी गाडी सुटली, कदाचित डोळ्यांदेखत. पहिल्या वाक्यात गाडीचा पत्ताच नव्हता. 'हॅड'ची किंमत ही आहे.

हान्स राइशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली काळांबद्दल एक मांडणी केली, ती शिकवताना माझ्या फार कामी येते. प्रत्येक काळात तीन वेळा असतात, असं ते सांगतात: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ, आणि आपण जिथून त्या घटनेकडे बघतो ती वेळ. गाडीच्या वाक्यात आपण बोलतोय आज, बघतोय मात्र स्टेशनवर पोहोचल्या क्षणापासून, आणि गाडी सुटलीय त्याच्याही आधी. बघण्याची ती मधली जागा वाक्यात किंवा आधीच्या बोलण्यात कुठेही नसेल, तर 'हॅड'ला टेकायला काही राहत नाही. म्हणून "आय हॅड गॉन टू द बँक" ऐकल्यावर इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस पुढच्या घटनेची वाट बघत राहतो. बँकेत गेला होता, बरं, मग त्यानंतर काय झालं?

बोलताना तपासायची सोपी रीत आहे. 'हॅड' तोंडावर आला की विचारा: कशाच्या आधी? उत्तर मिळालं तर ठेवा, नाही मिळालं तर साधा भूतकाळ. तुमच्या तिसऱ्या वाक्याला लावून बघा. रेझ्युमे कशाच्या आधी पाठवला? कशाच्याच नाही, काल पाठवला. म्हणून "आय सेंट यू माय रेझ्युमे येस्टरडे." आणि जिथे 'आफ्टर' किंवा 'बिफोर' हे शब्द क्रम सांगतातच, तिथे 'हॅड' नसला तरी चालतो: "आफ्टर द ट्रेन लेफ्ट, वुई टुक अ बस."

जाता जाता 'डिड'बद्दल. "मी गेलो नाही" या मराठी वाक्यात 'गेलो' जसाच्या तसा राहतो, म्हणून "आय डिडन्ट वेंट" तोंडून निघतं. इंग्रजीत भूतकाळ एकदाच दाखवायचा. 'डिड'ने तो दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात: "आय डिडन्ट गो."

आता 'हॅव'. हे मला एका परिचारिकेला शिकवताना नीट मांडता आलं, म्हणून तिचंच उदाहरण देते. ती इंग्लंडमध्ये नोकरीसाठी जायची तयारी करत होती. पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची माहिती द्यायची, तो सराव आम्ही रोज करायचो. ती म्हणायची, "आय हॅव गिव्हन हिम द टॅब्लेट ॲट टेन." मराठीत ते "मी त्यांना दहाला गोळी दिली आहे" इतकं सरळ.

मी तिला विचारलं, पुढच्या परिचारिकेला यातून नेमकं काय कळायला हवं? ती म्हणाली, दोन गोष्टी. गोळी देऊन झालीय, म्हणजे पुन्हा देऊ नका. आणि कधी दिली, म्हणजे पुढची कधी ते ठरवता येईल. मी म्हटलं, मग ही दोन वाक्यं आहेत. "आय हॅव गिव्हन हिम द टॅब्लेट" हे आत्ताबद्दल आहे: गोळी पोटात गेलीय, आता देऊ नका. "आय गेव्ह इट ॲट टेन" हे दहा वाजण्याबद्दल आहे, आणि दहा वाजून गेले. एका वाक्यात दोन्हीकडे बघता येत नाही. त्या दिवसापासून ती चूक तिने केली नाही. पुढे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रसंग सांगते.

म्हणजे 'हॅव' हा 'प्रेझेंट परफेक्ट' या नावाप्रमाणे वर्तमानकाळच आहे. कृती मागची असली, तरी नजर आजवर असते. म्हणून संपलेली वेळ सांगणारा शब्द त्याच्याशेजारी बसत नाही: येस्टरडे, लास्ट मंथ, इन २०१९, ॲट टेन, टू डेज अगो. यातला एकही शब्द वाक्यात शिरला की 'हॅव' बाहेर. 'व्हेन' विचारलं तरी तेच: "व्हेन हॅव यू गिव्हन" नाही, "व्हेन डिड यू गिव्ह". उलट टुडे, धिस वीक, धिस इयर हे शब्द 'हॅव'शी जमतात, कारण ती वेळ अजून चालू आहे. 'धिस मॉर्निंग' मधलं आहे. सकाळी अकराला "आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग" चालतं. संध्याकाळी तेच सांगताना "आय सॉ हिम धिस मॉर्निंग".

इंग्रजी गप्पांत म्हणून एक ठरलेली चाल दिसते. विषय 'हॅव'ने निघतो आणि तपशील साध्या भूतकाळात जातात. "हॅव यू एव्हर बीन टू कोकण?" "येस, वुई वेंट इन मे. वुई स्टेड इन गुहागर." दुसऱ्या वाक्यापासून 'हॅव' गायब. आपली माणसं पहिल्या वाक्यातला 'हॅव' शेवटपर्यंत ओढत नेतात, आणि तिथे ते परकं वाटायला लागतं.

इथे मराठी एक फार छान मदत करते. 'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन' यांत लोक नेहमी गोंधळतात. "तो दिल्लीला गेलाय", म्हणजे अजून आला नाही: "ही हॅज गॉन टू दिल्ली." "तो दिल्लीला जाऊन आलाय": "ही हॅज बीन टू दिल्ली." 'जाऊन आलाय' लक्षात ठेवलंत की 'बीन' कधी चुकणार नाही.

तुमचे नातेवाईक अमेरिकेत असतील तर त्यांच्या तोंडी तुम्हाला थोडं वेगळं ऐकू येईल. "जेवलात का?" याला ब्रिटिश इंग्रजीत "हॅव यू ईटन?" म्हणतील, अमेरिकेत "डिड यू ईट?" सर्रास चालतं. "आत्ताच जेवले"चंही तसंच: तिकडे "आय जस्ट एट" ऐकू येतं, ब्रिटिश वळण "आय हॅव जस्ट ईटन". अमेरिकी पद्धत आपल्या 'जेवलात का, जेवले'च्या जवळची आहे. दोन्ही बरोबर. पण "आय हॅव कम्प्लिटेड इन २०१९" दोन्हीकडे चुकीचंच.

आता तुमचं मधलं वाक्य, तीन वर्षांपासूनचं. मराठीत "मी तीन वर्षांपासून काम करतोय" म्हणताना क्रियापद वर्तमानातच राहतं. मागची तीन वर्षं 'पासून' ओढून आणतो. इंग्रजी वर्तमानकाळाला इतका लांब हात नाही. मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला 'हॅव' लागतोच: "आय हॅव बीन वर्किंग." तक्त्यात या घरासमोर "मी काम करत आलेलो आहे" असलं काहीतरी लिहिलेलं असतं. घरी, ऑफिसात असं कोण बोलतं? ऐन वेळी ते घर आठवत नाही याचं कारण हेच. त्यापेक्षा "तीन वर्षं झाली काम करतोय" हे ध्यानात ठेवा. 'झाली' मनात आलं की 'हॅव बीन'.

'सिन्स' आणि 'फॉर'चा घोळही 'पासून'मुळेच होतो. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'तीन दिवसांपासून'ही म्हणतो. एकच 'पासून' दोन्हीकडे. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर 'सिन्स मंडे', 'सिन्स २०२१'. लांबी सांगायची तर 'फॉर थ्री डेज', 'फॉर थ्री इयर्स'. 'सिन्स थ्री इयर्स' म्हणजे लांबीला सुरुवात समजणं.

तिसरं समीकरण 'तोय' आणि 'आयएनजी'. हे बरेचदा जुळतं, म्हणूनच फसवतं. "मी जेवतोय", "आय ॲम ईटिंग", उत्तम. "उद्या आम्ही नाशिकला जातोय", "वुई आर गोइंग टू नाशिक टुमारो", अगदी तंतोतंत. पण मराठीत "मला समजतंय", "मला आठवतंय", "मला वाटतंय" हेही सहज म्हणतात, आणि तिथून "आय ॲम अंडरस्टँडिंग", "आय ॲम रिमेम्बरिंग" येतं. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" हे त्यांचंच भावंड.

यावर मी वर्गात एक ढोबळ खूण देते. मराठीत वाक्य 'मला'ने सुरू होत असेल, तर इंग्रजीत बहुधा 'आयएनजी' नको. मला माहीत आहे, मला वाटतं, मला आवडतं, मला हवंय, मला दिसतंय, मला ऐकू येतंय, मला आठवतंय, मला दोन भाऊ आहेत: नो, थिंक, लाइक, वाँट, सी, हिअर, रिमेम्बर, हॅव, सगळे साध्या रूपात. आणि 'मी'ने सुरू होत असेल तर 'आयएनजी' चालतं. एकाच इंग्रजी क्रियापदावर ही खूण लावून बघा. "मला वाटतं": "आय थिंक." "मी विचार करतोय": "आय ॲम थिंकिंग." 'हॅव'चंही तसंच: "मला दोन भाऊ आहेत": "आय हॅव टू ब्रदर्स." "मी जेवतोय": "आय ॲम हॅविंग लंच." कर्ता स्वतः काही करतो आहे की त्याला काही होतं आहे, हा फरक मराठी 'मी' आणि 'मला'ने दाखवते, आणि इंग्रजी 'आयएनजी' असण्यानसण्याने. खुणेला अपवाद आहेत. "मला मजा येतेय" हे "आय ॲम एन्जॉयिंग इट" होतं. पण दहातल्या आठ-नऊ वेळा ती साथ देते.

भविष्यकाळाचं लवकर आटोपते. मराठी माणूस रोजच्या बोलण्यात 'ईन'-'ईल' फार वापरत नाही. फोन वाजतो, तुम्ही म्हणता, "मी घेते." पाहुणे येतात, "चहा टाकते." खालून हाक येते, "आलोच!" हा तर चक्क भूतकाळ. ('आलोच'ला इंग्रजीत "कमिंग!" म्हणतात.) पहिल्या दोन ठिकाणी इंग्रजीत 'विल' हवा, कारण निर्णय त्या क्षणी झालाय: "आय विल गेट इट", "आय विल मेक सम टी". आधीच ठरलेलं असेल तर 'गोइंग टू' किंवा वरच्या नाशिकच्या वाक्यासारखं 'आयएनजी'. आणि वेळापत्रक असेल तर दोन्ही भाषांत साधा वर्तमान: "गाडी सहा दहाला सुटते", "द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टेन".

"व्हेन ही विल कम" ही चूक मात्र सांगायला हवी. ती "तो येईल तेव्हा" यातून येते. त्याऐवजी "तो आला की" असा विचार करा. "तो आला की मी निघेन." "पाऊस पडला तर घरीच थांबू." 'की' आणि 'तर'च्या आधी मराठी भविष्यकाळ टाळून भूतकाळाचं रूप घेते. इंग्रजीही तिथे भविष्यकाळ टाळते, फक्त वर्तमान घेते: "व्हेन ही कम्स", "इफ इट रेन्स". 'विल' दुसऱ्या अर्ध्या भागात एकदाच.

लहानपणीच्या सवयी सांगताना 'जायचो' आलं की 'यूज्ड टू'. "सुट्टीत आम्ही आजोळी जायचो" याला "वुई वेअर गोइंग" नाही, "वुई यूज्ड टू गो". आणि मुलाखतीच्या शेवटी काही विचारायचं असेल तर "आय वाँटेड टू आस्क समथिंग" म्हणायला कचरू नका. आपण "एक विचारायचं होतं" म्हणतो ना, अगदी तसंच आहे ते. भूतकाळ वापरून दोन्ही भाषा थोड्या अदबीने बोलतात.

सरावासाठी रिकाम्या जागा भरणं आता बंद करा. त्यात वाक्य आधीच तयार असतं, आणि तुमची अडचण वाक्य तयार करताना येते. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस इंग्रजीत सांगा, मोठ्याने, आणि फक्त साध्या भूतकाळात: उठलो, चहा घेतला, लोकल चुकली, साहेब भेटले. एकही 'हॅड' येऊ देऊ नका. पंधरा दिवस हे केलंत की 'वेंट', 'टुक', 'मिस्ड', 'मेट' ही रूपं जिभेवर बसतील. मग दुसऱ्या पंधरवड्यात सकाळी आवरताना तीनच वाक्यं 'हॅव'ची म्हणा, आत्ताच्या घडीला काय झालंय आणि काय राहिलंय याबद्दल: "आय हॅव पॅक्ड माय टिफिन. आय हॅवन्ट कॉल्ड द प्लंबर." वेळेचा शब्द घालायचा नाही. हे दोन सराव एकाच दिवशी करू नका. आधी भूतकाळाला पाय रोवू द्या.

तुमची ओळख आता अशी होईल: "आय कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन २०१९. आय हॅव बीन वर्किंग इन धिस कंपनी फॉर थ्री इयर्स. आय सेंट यू माय रेझ्युमे येस्टरडे." मधलं वाक्य तुम्ही त्या नोकरीत आहात तोवरच खरं आहे. नवी नोकरी लागली आणि ही सोडलीत, की त्याच तीन वर्षांसाठी "आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स" म्हणायचं.